चित्रपट पाहून आपण काय बोलतो?

आरमोरीच्या बाजारात, बसथांब्यावर किंवा धानकापणीच्या दुपारच्या विसाव्यात नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाची गोष्ट निघाली म्हणजे तिचा निकाल बहुधा दोन शब्दांत लागतो. ‘चांगला होता’ किंवा ‘काही खास नव्हता’. फार झाले तर नटाचे नाव, एखादे गाणे आणि चित्रपटाने किती कोटी मिळविले तो आकडा. हा आकडा तर अलीकडे इतका तोंडपाठ असतो की, निर्मात्याच्या नफ्यात बोलणाराचीही चार आणे पाती असावी असे ऐकणाऱ्यास वाटावे. असे बोलणे फावल्या वेळचे; त्याची दखल वर्तमानपत्राने अग्रलेखात कशासाठी घ्यावी, असे कोणी विचारील. आमचे मत नेमके याच्या उलट आहे. फावल्या वेळचे बोलणे म्हणूनच ते महत्त्वाचे आहे. जो मनुष्य आपल्या भावकीसमोर जातीबाहेरच्या विवाहाविषयी ब्र काढण्यास धजत नाही, तो चित्रपटातील नायिकेच्या भावाविषयी मात्र मोकळेपणाने बोलतो. पडद्यावरच्या माणसांच्या आडून का होईना, तो आपल्या समाजाविषयी मत देत असतो. हे मत उसने असावे की स्वतःचे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

१९३७ साली प्रभातने ‘कुंकू’ काढला. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो केला. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा त्या संसारास पत्नी म्हणून मान्यता देण्याचे साफ नाकारते, एवढेच त्याचे कथानक. बालाजरठविवाहावर त्यापूर्वी निबंध, व्याख्याने व नाटके पुष्कळ झाली होती. तथापि निबंध वाचणारा बहुधा आधीच निबंधकाराच्या पक्षाचा असतो, आणि चित्रपटास सर्व पक्षांचे लोक तिकीट काढून येतात. म्हणून पडदा पडल्यावर प्रेक्षक आपसांत काय बोलतात यावर अशा कृतीचे अर्धे फळ अवलंबून असते.

या कसोटीस २०१६ सालचा ‘सैराट’ लावून पाहावा. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाची गाणी गावोगाव वाजली, त्यांवर वरातीत नाच झाले. त्यातील आर्ची आणि परश्या यांचा खून मुलीच्या घरची माणसे करतात, आणि लहान मूल रक्ताने भरलेली पावले उमटवीत दाराबाहेर जाते. हे पाहून आलेल्या कित्येक पालकांचे मत आम्ही ऐकले, ते असे : मुलीस कॉलेजात धाडले, हाती मोबाइल दिला, की असेच व्हावयाचे. गुन्हा केला आप्तांनी, आणि शिक्षा सुचते ती मुलीस! दिग्दर्शकाने जे दाखविले ते डोळ्यांनी पाहिले, पण तोंडाने बोलले ते घरून निघताना बरोबर आणलेले मत. त्याच घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलीस कोणी विचारले काय, की तुला चित्रपट कसा वाटला? बुलेट चालविणारी आर्ची तिला आवडली, की शेवट पाहून तिच्या मनात भीती बसली? आमच्या समजुतीप्रमाणे पुष्कळ घरांत हा प्रश्न कोणी विचारला नाही. आणि विचारला असता तरी बापासमोर खरे उत्तर मिळाले असते असे नाही. आता चित्रपट बहुतेक हातातल्या मोबाइलवर, एकेकट्याने पाहिला जातो. मुलगी एका कोपऱ्यात पाहते, बाप दुसऱ्या. पूर्वी निदान एका बाकावर बसून पाहणे तरी होते.

आरमोरीकरांस मत देता येत नाही, असे म्हणण्याची सोय मात्र नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत या भागात नाटकांचा जो हंगाम चालतो तो पाहिलेल्या कोणासही हे पटेल. जवळच्या वडसा येथे बिऱ्हाड केलेल्या मंडळ्या मंडईच्या आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव प्रयोग करतात. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाट होईपर्यंत मंडप हलत नाही. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसह सारे घर त्या नाटकाची चिरफाड करते. खलनायक दुसऱ्या अंकात थकला होता, विनोदी पात्राने तोच विनोद गेल्या साली शेजारच्या गावी केला होता, आईचे काम करणारीने रडताना माइककडे लक्ष ठेवले, या गोष्टी शाळेचे तोंड न पाहिलेली म्हातारीही सांगते. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आयुष्य घालविलेले कुरखेडा तालुक्यातील परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. दिल्लीस ती रंगभूमी तेव्हा दिसली; या म्हातारीस ती कधीचीच माहीत आहे. मग हीच म्हातारी चित्रपटाविषयी ‘आम्हांला काय समजते’ असे का म्हणते? कारण उघड आहे. नाटक आपल्या माणसांचे, म्हणून त्यावर आपला अधिकार. चित्रपट मुंबईहून कीर्ती घेऊन आलेला, म्हणून त्यापुढे मान खाली.

हा संकोच इतरत्र केवळ केविलवाणा ठरेल. गडचिरोली जिल्ह्यात तो नुकसानकारक आहे. कारण ज्या रानाची चित्रे आता देशभर व देशाबाहेर दाखविली जातात, त्या रानात ही माणसे राहतात. अमित मसुरकर यांचा ‘न्यूटन’ २०१७ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला, आणि त्याच वर्षी ऑस्करसाठी भारतातर्फे त्याची निवड झाली. दंडकारण्यातील ७६ मतदारांच्या एका केंद्रावर नियमाप्रमाणे मतदान व्हावे म्हणून हट्ट धरणाऱ्या कारकुनाची ती कथा. चित्रण छत्तीसगडात दल्ली राजहरा भागात झाले, म्हणजे आमच्या सीमेपलीकडेच. शहरांतील परीक्षणे विनोदाविषयी आणि राजकुमार राव व पंकज त्रिपाठी यांच्या अभिनयाविषयी भरभरून लिहितात. त्यात वावगे काही नाही. पण २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत आरमोरी, गडचिरोली व अहेरी मतदारसंघांत मतदान दुपारी तीन वाजताच थांबत होते. येथील शिक्षक मतदानयंत्र घेऊन, कधी हेलिकॉप्टरने तर कधी पायी, अशाच केंद्रांवर गेलेले आहेत. तो कारकून त्यांस खरा वाटला की बावळट? केंद्रावर आणून उभे केलेले गावकरी चित्रपटभर जवळजवळ मुके राहतात, ती त्यांची स्थिती आहे की दिग्दर्शकाच्या माहितीची मर्यादा? याचे उत्तर पुण्यामुंबईचा परीक्षक देऊ शकत नाही. आमच्या मते चित्रपट प्रामाणिक आहे, पण तो रान सरकारी माणसाच्या खुर्चीवरून पाहतो. मलको नावाची स्थानिक शिक्षिका तेवढी त्या खुर्चीला अधूनमधून धक्का देते. गोंडी बोलणाऱ्या प्रेक्षकाचे मत याहून निराळे असल्यास ते आम्हांस आमच्या मतापेक्षा अधिक मोलाचे वाटेल.

याच दिग्दर्शकाचा ‘शेरनी’ २०२१ साली आला. यवतमाळ जिल्ह्यात २०१८ च्या नोव्हेंबरात ठार झालेल्या अवनी वाघिणीशी पुष्कळांनी त्याचा संबंध जोडला. शहरी प्रेक्षक वाघिणीसाठी हळहळला. हळहळणे योग्यच आहे, कारण चित्रपटातील शिकारी आणि पुढारी दोघेही हळहळ वाटावी असेच वागतात. परंतु २०२२ च्या ऑक्टोबरात वडसा वनविभागात जेरबंद झालेल्या सीटी-१ वाघाच्या नावावर तेरा माणसांचे बळी होते. पहाटे मोहफुले वेचण्यास जाणाऱ्या बाईने तो चित्रपट पाहिला, तर ती कोणत्या प्रसंगी मान हलवील आणि कोठे ‘असे होत नाही’ म्हणेल, हे ऐकण्याची आम्हांस उत्सुकता आहे. ती वाघाची वैरीण असेलच असे कोणी धरून चालू नये. रानात वाघ असतो हे तिला शहरातल्या प्राणिमित्रापेक्षा आधी ठाऊक आहे, आणि जळणासाठी दुसरी वाट नाही हेही ठाऊक आहे.

आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास हेमलकसा आहे. तेथे १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पावर समृद्धी पोरे यांनी २०१४ साली ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो’ हा चित्रपट केला. आमटे दांपत्याच्या कार्याविषयी आमच्या मनात आदरावाचून दुसरे काही नाही, आणि नाना पाटेकर यांनी ती भूमिका संयमाने केली आहे. तरीही खरा नायक कोण, याचा निवाडा चित्रपटाच्या नावानेच आधी करून टाकला. माडिया माणूस त्यात येतो तो मुख्यतः रोगी म्हणून, बरा होण्यासाठी. वाट तुडवीत, आजारी माणसास खांद्यावर घेऊन जो त्या दवाखान्यापर्यंत आला, त्याचे धैर्य चित्रपटाचा विषय होऊ शकत नव्हते काय? असे विचारणे म्हणजे कार्याचा अवमान, असे समजणारे सज्जन पुष्कळ आहेत. त्यांस आम्ही एवढेच म्हणतो की, कार्य आणि कार्यावरील चित्रपट या दोन गोष्टी आहेत. पहिलीस वंदन करून दुसरीची परीक्षा करता येते.

केवळ उपदेश करून थांबणे आम्हांस पसंत नाही, म्हणून एक सूचना करतो. यंदाची मंडई आटोपली की आरमोरीतील एखाद्या शाळेने किंवा वाचनालयाने रीतसर परवानगी काढून ‘न्यूटन’ एकदा पटांगणात सर्वांस दाखवावा. चर्चा त्याच रात्री नको. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरची कामे उरकून स्त्रियांस येता येईल अशा वेळी ठेवावी. अध्यक्ष, हारतुरे व प्रास्ताविक यांस फाटा द्यावा. गोंडी बोलणाऱ्यांनी आधी, आपल्याच भाषेत, बोलावे. मग निवडणुकीचे काम करून आलेल्या शिक्षकांनी. वकील, डॉक्टर आणि आमच्यासारखे लिहिणारे यांनी सर्वांत शेवटी. ‘चांगला होता’ एवढे म्हणून कोणी बसू लागल्यास शेजाऱ्याने त्यास ‘कोणती जागा चांगली?’ असे विचारावे. जी मते निघतील ती एका वहीत उतरवून वाचनालयात ठेवावी. जमल्यास महिन्याने ‘सैराट’ दाखवावा, आणि त्या वेळी पहिला मान मुलींस द्यावा, वडीलधाऱ्यांनी तोवर मागच्या रांगेत बसावे. हे सारे मोहफुले पडू लागण्यापूर्वी व्हावयास हवे. एकदा मार्च उजाडला की माणसे पहाटेच रानात जातात, आणि तेंदूचा हंगाम संपेपर्यंत कोणास सवड मिळत नाही.