सोळाशे धावणाऱ्या पदवीधरांसाठी

मा. संचालक,
सैनिक कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य, पुणे यांस



पहाटे पाचला आमच्या तालुक्याच्या रस्त्यावर गाड्या कमी आणि धावणारी पोरं जास्त असतात. एकाच्या हातात स्टॉपवॉच, बाकीचे घामाघूम, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय: सोळाशे मीटर किती मिनिटांत बसले. त्यांत बारावी झालेले असतात, तशी बी.ए., बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलेही असतात. काहींच्या घरी एनसीसीचे ‘सी’ सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले असते. मी इथल्याच कॉलेजात शिकवतो आणि एनसीसी बघतो, म्हणून ही पोरे माझ्या ओळखीची आहेत.

अग्निवीर भरतीचे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ असते. मात्र एनसीसी स्पेशल एंट्रीचे नाव काढले की बहुतेक जण एकमेकांकडे बघतात. पदवीला ५० टक्के, ‘सी’ला किमान ‘बी’ ग्रेड, वय १९ ते २५ आणि लग्न झालेले नसावे, एवढे जमले तर लेखी परीक्षेशिवाय अधिकारीपदाच्या एसएसबी (सेवा निवड मंडळ) मुलाखतीसाठी अर्ज करता येतो. निवड झाली तर चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत (ओटीए) ४९ आठवडे प्रशिक्षण आणि त्या काळात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन. ज्याच्याकडे हे सगळे आहे तो मुलगा सोळाशे धावतोय, कारण गावातून लष्करात जाण्याची तेवढीच वाट त्याने पाहिली आहे. ही वाट जुनी आहे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत. गावाला लोक आजही मिलिटरी अपशिंगे म्हणतात. अशी गावे महाराष्ट्रात कितीतरी आहेत. जवान होणे हे कमीपणाचे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण चार पिढ्या जवान देणाऱ्या घरातला पदवीधर अधिकारीपदाचा अर्जच भरत नसेल, तर कुठेतरी दुवा तुटला आहे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, १९७७ मध्ये सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था निघाली. २०२३ मध्ये नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था सुरू झाली. पण दोन्हींचे लक्ष्य खडकवासल्याची एनडीए. ती दहावीनंतरची वाट आहे, आणि आमच्याकडच्या मुलाला पंधराव्या वर्षी एनडीए हे नाव ऐकायला मिळाले तरी खूप. तो कॉलेजात येतो, एनसीसीचा गणवेश घालतो, एखादा कॅम्प करतो, आणि तेव्हा कुठे त्याच्या मनात येते की आपणही खांद्यावर तारे लावू शकतो.

या मुलासाठी आपल्या विभागाचे नाशिक रोडचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. राहणे, जेवण, शिकवणे, सगळे विनामूल्य. खाजगी क्लासच्या फिया पाहिल्या की याचे मोल कळते. अडचण प्रवेशाच्या वेळेची आहे. तिथल्या एसएसबी वर्गाला अधिकारीपदासाठीची सीडीएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेली लागते, किंवा ‘सी’ सर्टिफिकेटसह एनसीसी ग्रुप मुख्यालयाची शिफारस लागते, किंवा मुलाखतीचे पत्र हातात लागते. म्हणजे दारापर्यंत पोचलेल्यालाच आपण हात देता. वर्ग साधारण दहा दिवसांचा.

दहा दिवसांत काय होते आणि काय होत नाही, ते एसएसबीचे पाच दिवस पाहिले की समजते. शब्द-चाचणीत साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. तेवढ्यात मनात आले ते लिहायचे. पाठ करून नेलेली वाक्ये मानसशास्त्रज्ञ लगेच ओळखतो. मग मैदानावर गटाचे काम. हाताशी एक फट्टा, एक बल्ली आणि एक दोर. लाल रंग दिलेल्या भागाला ना माणसाचा स्पर्श होऊ द्यायचा, ना सामानाचा. अनोळखी आठ-दहा जणांत उभे राहून ‘फट्टा इथे टेकवू, तू पलीकडे जा’ असे कुणीतरी म्हणावे लागते. आमच्या मुलाला ती युक्ती सुचलेली असते. शेतात, विहिरीवर त्याने याहून अवघड जुगाड केलेले असतात. पण तो बोलत नाही. घरात मोठ्यांपुढे बोलायचे नाही, वर्गात सरांपुढे बोलायचे नाही, असेच तो वाढलेला असतो. वर भोपाळ, बंगळूर, प्रयागराज नाही तर जालंधरला पहिल्यांदाच एकट्याने गेलेला. इंग्रजीची भीती आहेच, पण माझ्या मते ती दुसऱ्या क्रमांकाची. बोलण्याची सवय पहिल्या वर्षापासून लागावी लागते. नाशिकचे प्रशिक्षक कितीही निष्णात असले तरी वीस वर्षांची गप्प राहण्याची सवय दहा दिवसांत कशी मोडणार?

मुलींचे तर आणखी बिकट. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये महिला अधिकाऱ्यांना स्थायी कमिशनचा हक्क दिला आणि २०२५ च्या मे महिन्यात एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. स्पेशल एंट्रीत मुलींच्या जागा मात्र आजही मोजक्याच, त्यामुळे त्यांची तयारी जास्त पक्की हवी. आणि घरचे नाशिकला राहायला पाठवायला तयार नसतात. जिल्ह्याच्या गावी पाठवतील.

म्हणून मागणे असे. छात्रपूर्व केंद्राचे फिरते पथक काढा. जिल्ह्याजिल्ह्यांत आपली सैनिक कल्याण कार्यालये आहेत, निवृत्त अधिकारीही बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. दिवाळीच्या सुट्टीत जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींचे शिबिर घ्या. अट फक्त कॉलेजात शिकत असल्याची. एनसीसीची सक्तीही नको, कारण पुष्कळ कॉलेजांत युनिटच नाही. बोलायला लावा, मैदानावर उतरवा, सीडीएसचा अर्ज वर्षातून दोनदा निघतो हे सांगा. आणि एसएसबीहून परत आलेल्यांना या शिबिरात सहायक म्हणून बोलवा. एसएसबीच्या शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सपर्यंत जाऊन परतलेल्या मुलाइतके चांगले कुणीच समजावू शकत नाही, आणि त्याची स्वतःची पुढच्या वेळची तयारीही होते.

खर्चाचे म्हणाल तर फट्टे आणि बल्ल्या गावातला सुतार देईल, दोर गावातच मिळतील. दिवाळीत आमचे वसतिगृह आणि मैदान रिकामेच असते. प्राचार्यांशी बोलणे झाले आहे. आपण फक्त प्रशिक्षक आणि तारीख कळवा.

आपला,
तालुक्याच्या गावातला एक एनसीसी अधिकारी