रायगड टाकून कुलाबा सापडत नाही

पनवेलच्या एका व्यासपीठावरून एका सुशिक्षित वक्त्यांनी मुलांना सांगितलं की, शोधायला शिकण्याचे दिवस संपले. मोबाईल खिशात आहे, मराठीत विचारलं तरी उत्तर मिळतं. मग ग्रंथालयात बसायचं कशाला, तलाठ्याकडे खेटे घालायचे कशाला आणि शाळेने संदर्भ बघायला शिकवायचं तरी कशाला? टाळ्या पडल्या. हे एकट्याचं मत असतं तर सोडून दिलं असतं. पण आता ते शिक्षकांच्याही तोंडी येऊ लागलं आहे.

या वक्त्यांनी एक काम करावं. खारघरला लागून असलेल्या ओवे गावाची शंभर वर्षांपूर्वीची माहिती मोबाईलवर काढून दाखवावी. ते 'ओवे, तालुका पनवेल, जिल्हा रायगड' असं टाकतील, कारण आजचा पत्ता तोच आहे. आणि समोर येतील फ्लॅटच्या जाहिराती. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. त्याआधी तो कुलाबा होता. म्हणजे १९६१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका कुलाब्याच्या नावावर, स्वातंत्र्यानंतरचं गॅझेटियरही कुलाब्याच्याच नावावर. आणखी मागे गेलात तर कुलाबाही उपयोगाचा नाही. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये पनवेलची नोंद ठाणे जिल्ह्याच्या खंडात आहे. एकाच मातीचे तीन जिल्हे! बरं, ही जुनी गॅझेटियरं नेटवर आहेत, फुकट आहेत. तरी ती पोराच्या हाती लागत नाहीत, कारण कुठला शब्द टाकायचा हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. यंत्र हल्ली असे नामबदल ओळखतं, असं वक्ते म्हणतील. कधी ओळखतं, कधी नाही. आणि कधी चुकलं हे ज्याला आधीपासून माहीत आहे त्यालाच कळतं. बाकीचे चुकीचं उत्तर खरं मानून उठतात.

हा इतिहासाच्या हौशीचा प्रश्न असता तर मी एवढा चिडलो नसतो. इथे जमिनीचा प्रश्न आहे. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी केलेल्या जासईच्या आंदोलनात पाच जणांचा जीव गेला, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. आज त्या शेतकऱ्यांची नातवंडं हक्क मागायला जातात, तेव्हा त्यांच्याकडे काय मागतात? निवाडा, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, वारसनोंद. आजचा सातबारा आजचं नाव दाखवतो. आजोबांचं नाव कुठे गेलं ते फेरफारात बघावं लागतं. नेटवर फुकट दिसणाऱ्या सातबाऱ्यावर तर तो केवळ माहितीसाठी असल्याचं तिथेच छापलेलं असतं. कायदेशीर कामाला डिजिटल सहीचा उतारा लागतो. या प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी बांधलेल्या घरांचंही तेच. २०२२ चा शासन निर्णय व्हॉट्सॲपवर फिरत राहतो आणि २०२४ मध्ये त्या विषयावर नवा निर्णय निघाला, हे वाचणाऱ्याच्या गावीही नसतं. शासनाच्या संकेतस्थळावर सांकेतांक टाकून तो कागद ताडून बघता येतो. पण ताडून बघायचं असतं, हे कोण सांगणार? टाळ्या घेणारे वक्ते?

वेळ वाचतो, म्हणे. चुकीच्या कागदावर सहा महिने वकिलाकडे जातात ते कुणाच्या हिशेबात धरायचे? पुस्तकंही चुकतात, म्हणे. चुकतात, पण पुस्तकावर लेखकाचं नाव आणि साल असतं, म्हणून चूक पकडता येते.

हा वाद मला नवा नाही. पूर्वी गाईडांवरून असाच वाद झाला होता. तयार उत्तर मिळतंय तर धडा वाचायचा कशाला, असं तेव्हाही मोठ्या तोंडाने सांगितलं गेलं. त्या पिढीतली कितीतरी हुशार मुलं आज साधी सरकारी नोटीस वाचायला दुसऱ्याला गाठतात. तेव्हा ज्यांनी गाईडांची बाजू घेतली, त्यांच्याकडून त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

मग करायचं काय? माझं मागणं थोडं आहे. सातवीपासून आठवड्याला एक तास द्या. प्रत्येक मुलाने आपल्याच गावाबद्दलचा एक कागद शोधावा आणि वहीत लिहावं, तो कुणी लिहिला, कधी, कुणासाठी, आणि मूळ प्रत कुठे आहे. मोबाईल जरूर वापरावा. पण जे सापडलं ते दुसऱ्या ठिकाणी पडताळल्याशिवाय वहीत उतरवू नये. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी या तासाला जागा द्यावी आणि जाणता माणूस द्यावा.

ओवे २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे. ग्रामपंचायतीच्या काळातलं गावाचं दप्तर आज कुठल्या कार्यालयात, कुठल्या कपाटात आहे, हे गावातल्या मुलांनी याच वर्षी लेखी अर्ज करून विचारावं.