पाट आहे, पाटकरी कुठे?

पांझरा नदीच्या काठाने पिंपळनेरहून साक्रीकडे उतरत जाणारी सिंचनाची फड पद्धत तीन-चारशे वर्षांची मानली जाते आणि तिचे कौतुक करणारे बहुतेक जण बंधाऱ्यापाशीच थांबतात. बंधारा दगडाचा, तो दिसतो, त्याचे छायाचित्र निघते. परंतु अडवलेले पाणी पाटातून चारीत आणि चारीतून नेमक्या वाफ्यात नेणारा पाटकरी हा त्या व्यवस्थेचा खरा कणा होता. एका फडात एकच पीक, पाळी ठरलेली, शेतकऱ्याने आपल्या मर्जीने पाणी फोडायचे नाही, आणि पाणी देणाऱ्याचा मोबदला सर्वांनी मिळून पिकातून काढून द्यायचा. साधन उभे करतानाच त्या साधनापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाची तरतूद करण्याचे हे शहाणपण याच मातीतले आहे. आज पिंपळनेरच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींसमोर शैक्षणिक तंत्रज्ञान येऊन ठाकले असताना या शहाणपणाची आठवण करण्याचे कारण एवढेच, की गेल्या दोनशे वर्षांत शिक्षणाची साधने एकामागून एक आली आणि पैसा बहुतेक वेळा बंधाऱ्याला मिळाला, पाटकऱ्याला नाही.

इंग्रजी अंमल येण्यापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत साधन म्हणजे धूळपाटी. त्या शाळेचे दोष पुष्कळ होते, छडी आणि जात हे त्यांतले मोठे. पण थोरल्या मुलाने धाकट्याचे बोट धरून अक्षर गिरवून घ्यायचे, ही रीत तिथे मुरलेली होती. मद्रासेत अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल याने वाळूत अक्षरे गिरवणारी मुले पाहिली आणि मुलांनीच मुलांना शिकवण्याची पद्धत तो इंग्लंडला घेऊन गेला. 1820 च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळीने जेव्हा मराठीत शिळाप्रेसवर पुस्तके छापायला घेतली, तेव्हा तीच पद्धत विलायती शिक्का घेऊन परत आली. त्या मंडळीचे एक मात्र मान्य केले पाहिजे: जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली नुसती पुस्तके तयार झाली नाहीत, ती शिकवू शकणारे शिक्षकही मुंबईत तयार करून जिल्ह्यांकडे धाडले गेले. पुढे ही जोडी तुटत गेली. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मागणी केली ती इमारतींची नव्हे. प्राथमिक शिक्षण आधी, आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार केलेले, म्हणजे मुलाची भाषा व घर ओळखणारे. ती मागणी किती ऐकली गेली हे सर्वांना ठाऊक आहे.

खानदेशापुरते बोलायचे तर दोन उदाहरणे विसरण्याजोगी नाहीत. 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवत होते आणि तिथल्या छात्रालयात त्यांनी हस्तलिखित दैनिक चालवले. साधन म्हणावे तर दौत, लेखणी आणि कागद, पण मुलांच्या शेजारी बसणारा माणूस होता. दुसरे उदाहरण कवयित्री बहिणाबाईंचे. त्यांना अक्षरओळख नव्हती; घरातली लिहिती माणसे त्यांच्या ओव्या उतरवून घेत होती, म्हणून 1951 मध्ये त्या गेल्यानंतर वर्षभरात त्यांचे पुस्तक निघू शकले. पिंपळनेरचे महाविद्यालय ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे, त्या 1990 साली पुणे विद्यापीठापासून वेगळ्या निघालेल्या विद्यापीठाला आज बहिणाबाईंचेच नाव आहे.

त्यानंतरची यादी भराभर वाचावी. 1984 च्या 15 ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी वर्ग सुरू केला, प्रारंभी प्रामुख्याने इंग्रजीत. त्याच वर्षी पुण्यात उभी राहिलेली, शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी 2017 मध्ये बंद पडली. 2004 मध्ये खास शिक्षणासाठी उपग्रह सोडला गेला, 2011 मध्ये स्वस्त ‘आकाश’ टॅबलेटचा गाजावाजा झाला. प्रत्येकाच्या उद्घाटनाला मंत्री होते. चवथ्या महिन्यात पडदा काळा का दिसतो हे सांगायला कोण होते?

मोबाइलने मात्र एक नवीच गोष्ट घडवली, आणि तिलाही फडाच्या इतिहासात पूर्वखूण सापडते. विहिरीवर विजेची मोटर आली तेव्हा पाणी ज्याचे त्याचे झाले, कुणाला कुणाच्या पाळीची गरज उरली नाही आणि पाटकऱ्याचे महत्त्व ओसरले. ज्याची विहीर खोल त्याचा ऊस उभा राहिला. 2020 च्या टाळेबंदीत वर्ग प्रत्येकाच्या खिशात गेला तेव्हा हेच झाले. पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगरपट्ट्यातल्या पाड्यावरची मुलगी रेंजसाठी टेकाडावर चढली तरी घरातला एकुलता फोन संध्याकाळी भाऊ परत आल्यावरच तिच्या हाती यायचा, आणि अडले तर विचारायला शेजारी बाक नव्हता.

आता तर अभ्यासक्रमच त्या पडद्यावर सरकतो आहे. ‘स्वयम्’वरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून घेता येणाऱ्या श्रेयांकांची मर्यादा 2016 मध्ये 20 टक्के होती, 2021 मध्ये ती 40 टक्क्यांवर गेली; श्रेयांकांची बँक, परीक्षेचा अर्ज, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, सारे संकेतस्थळावर. आमच्या विद्यार्थ्याला तंत्रज्ञान येत नाही असे म्हणणे मात्र चुकीचे आहे, रील तो डोळे मिटून बनवतो. त्याला येत नाही ते निराळे: पीडीएफ नीट नाव देऊन जपणे, इंग्रजी व्याख्यान थांबवत थांबवत टिपणे काढणे, यंत्राने लिहून दिलेले उत्तर खरे की थाप हे पडताळणे, आपला पासवर्ड आपल्यापाशी ठेवणे. हे त्याला कुणी शिकवत नाही, म्हणून तो झेरॉक्सच्या दुकानात जातो, आणि त्याचे खाते कुठल्या मोबाइल क्रमांकाशी जोडले गेले हे त्याला वर्षभराने ओटीपी येईना तेव्हा कळते. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. व्यवस्थेने रिकामी ठेवलेली पाटकऱ्याची जागा त्याने शुल्क घेऊन भरली.

ही जागा महाविद्यालयाला स्वतः भरता येईल आणि त्यासाठी नवी योजना जन्माला घालण्याची गरज नाही. ‘कमवा व शिका’ योजनेत आजही विद्यार्थी तासांच्या हिशेबाने बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात काम करून मोबदला घेतात. त्यांतले काही तास तृतीय वर्षाच्या मुलामुलींना प्रथम वर्षाच्या शेजारी बसण्यासाठी द्यावेत. ग्रंथालयात एक टेबल, ठरलेली वेळ, आणि बोलणे अहिराणीत किंवा कोकणा बोलीत, ज्याला जे जवळचे त्यात. टेबलावर एक मुलगी असलीच पाहिजे, नाहीतर मुली विचारायला यायच्या नाहीत. शिक्षकांनी हे फुकटात करावे अशी सूचना नेहमी येते; ज्या प्राध्यापकाकडे आधीच नॅकची कागदपत्रे आणि निवडणुकीची कामे आहेत, त्याच्या माथी हेही मारणे म्हणजे ते होऊ न देण्याची सभ्य युक्ती होय. फडाच्या पंचांना एवढा व्यवहार कळत होता, म्हणून पाटकऱ्याचा वाटा ते खळ्यावरच, धान्य घरी जाण्यापूर्वी, बाजूला काढत; संगणक खरेदीच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना तसा वाटा त्याच कागदावर लिहिता येतो.