पिंजरा मागणाऱ्यांस एक प्रश्न

घोडबंदर, चेणे, काशीमिरा या बाजूस बिबट्या दिसला की 'वनखाते झोपले काय? पिंजरा लावा, उचलून न्या' असा गिल्ला उठतो. आमच्या मते ही मागणी म्हणजे नाव पालटलेली शिकारच होय. आणि जुन्या शिकाऱ्यांपाशी जी आखणी असे, तीही हीत नाही.

डोंगराळ मुलखातील मोठी शिकार पूर्वी कित्येक दिवस आधी योजिली जाई. जनावर कोणत्या ओढ्याने उतरते, पाणी कोठे पिते, कोणत्या खिंडीतून निसटते, हे प्रथम हेरीत. दिवसा वारा उतारावरून वर चढतो व रात्री खाली वाहतो, हे ध्यानी घेऊन मचाण बांधीत. मग हाकारे रान झोडपीत येत. बंदूक साहेबाची वा संस्थानिकाची, परंतु डोंगराचे ज्ञान वारल्या-कातकऱ्यांचे! कित्येक संस्थानांत तर हाका ही रयतेवर लादलेली वेठच असे. छायाचित्राखाली हाकाऱ्याचे नाव क्वचितच छापले जाई. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा खेळ संपला, हे इष्टच झाले.

आज पिंजरा मागणारा गृहस्थ पाड्यावरील माहीतगारास एक शब्द विचारीत नाही. जुन्नरकडे या शतकाच्या आरंभी धरलेले बिबटे दूरच्या रानांत नेऊन सोडले. तेव्हा सोडल्या जागेच्या आसपास माणसांवरील हल्ले वाढले, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. 2004 साली संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती माणसे बळी पडली, तेव्हाही बाहेरून आणून सोडलेल्या बिबट्यांकडे जाणत्यांनी बोट दाखविले होते. शिवाय एक नेला की मोकळ्या जागेत दुसरा येतो.

मग आखणी करावी ती कशाची? बिबट्यास वस्तीकडे ओढतो कुत्रा, आणि कुत्र्यास पोसतो आमचा उकिरडा. हमरस्त्यावरील खाणावळवाले व मटणविक्रेते उरलेसुरले कोठे टाकतात, हे आमच्या व्यापारी बंधूंनी स्वतः जाऊन पाहावे. गिल्ला करणारा बहुधा चौथ्या मजल्यावर राहतो. अंधारात शौचास बाहेर पडणारे मूल मात्र रानाकडेच्या पाड्यावरचे असते. महानगरपालिका स्थापन होऊन दोन तपे होत आली. अशा किती पाड्यांवर शौचकूप व दिवे अद्यापि नाहीत, आणि त्यांस किती रक्कम लागेल, हा प्रश्न नगरसेवकांनी अर्थसंकल्पाच्या सभेत विचारावा. उत्तर मिळेल ते आम्ही छापू.