मांजरासह बिऱ्हाड

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या मावळपट्ट्यात भाड्याने जागा शोधणाऱ्या गृहस्थास हल्ली भाडे आणि अनामत यांच्या आकड्यांबरोबर आणखी एक वाक्य ठरलेले ऐकावे लागते : पाळीव प्राणी चालणार नाहीत. दलाल ते वाक्य आरंभीच उच्चारतो, करारात ते छापूनच आलेले असते, आणि इमारतीचा चिटणीस किल्ल्या देताना त्याची पुन्हा आठवण करून देतो. ज्याच्या घरी मांजर आहे त्याच्यापुढे मग तीनच वाटा उरतात. त्याने जागा सोडावी, मांजर सोडावे, किंवा खरे बोलणे सोडावे. मोठ्या संख्येने लोक तिसरी वाट पत्करतात, हे दलालांना ठाऊक आहे, शेजाऱ्यांना ठाऊक आहे, आणि पुष्कळदा मालकासही ठाऊक असते.

महागाई, पाणी, रोजगार असे प्रश्न समोर असताना मांजराचा विषय या जागी कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, हा प्रश्न मांजराचा दिसत असला तरी तो बिऱ्हाडाचा आहे. जी जागा मी भाडे देऊन घेतली, जिच्यात माझी मुले वाढतात आणि माझे आईवडील म्हातारपण काढतात, त्या जागेत कसे राहावे हे ठरविण्याचा मालकाचा अधिकार उंबरठ्याच्या आत कुठवर पोचतो, हा तो प्रश्न होय. शहरी मध्यमवर्गाचा मोठा भाग आज अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर संसार करीत आहे. त्याच्या दृष्टीने हा विषय क्षुल्लक नाही.

ही स्थिती कशी आली हे समजून घेतले पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे गोठविले आणि भाडेकरूस जवळजवळ अढळपद दिले. मालकाला वाड्याची कौले शाकारण्याइतकेही उत्पन्न मिळेना. तेव्हा त्या कायद्याला बगल देण्यासाठी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची युक्ती निघाली. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार अशा अनुज्ञेने जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. राहण्याची केवळ परवानगी मिळते. १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा अनुज्ञेवर राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरू मानले, त्यामुळे मालक आणखीच सावध झाले. पुढे ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने पारडे दुसरीकडे झुकविले. त्याच्या कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे केले व ती जबाबदारी मालकावर टाकली, हे चांगलेच झाले. पण कलम २४ अन्वये मुदत संपताच जागा रिकामी करावी लागते, आणि न केल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. भाडेकरू जाता जात नाही म्हणून एका पिढीचे मालक रडले. पुढच्या पिढीचा भाडेकरू आता दर अकरा महिन्यांनी नव्या अटींवर सही करतो. ज्याचे बिऱ्हाड विंचवासारखे पाठीवर आहे, तो अटींवर घासाघीस करीत बसत नाही.

या १९९९ च्या कायद्यात पाळीव प्राण्यांविषयी एक शब्दही नाही. दुसरीकडे राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये १९७६ साली घातलेली मूलभूत कर्तव्ये आहेत, आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे त्यांपैकी एक आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत असे स्पष्ट केले की, रहिवासी संघांना व सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, सभेत बहुमत झाले तरीही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अशा प्रकारची बंदी बेकायदेशीर ठरविली. त्याच न्यायालयाने एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत एका गृहस्थास आपल्या तीन मांजरांचे खाद्य आणण्यासाठी घराबाहेर पडण्याची मुभा दिली होती, हेही येथे स्मरणीय आहे. मात्र या आधारांनी भाडेकरूने हुरळून जाऊ नये. मंडळाच्या सूचनांचा आणि केरळातील निर्णयाचा रोख मुख्यतः संघांवर व सोसायट्यांवर आहे. एका मालकाने एका बिऱ्हाडकरूशी खुशीने केलेला करार ही निराळी गोष्ट आहे, आणि दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचा निर्णय आपल्या न्यायालयांना मार्गदर्शक ठरला तरी बंधनकारक नसतो. म्हणून आजच्या घडीस ज्याने बंदीच्या अटीवर सही केली, त्याची बाजू लंगडीच आहे.

मालकाचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण ते निराधार नाही. लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागतात, भिंतींना ओल धरते, गाद्या-पडदे वाळत नाहीत. अशा हवेत न खच्ची केलेल्या बोक्याने कोपऱ्याकोपऱ्यांत मारलेल्या पिचकारीचा दर्प बिऱ्हाडकरू गेल्यावरही जात नाही. मांजराच्या लाळेतून आणि त्वचेतून येणारे, दम्याच्या रोग्यास बाधणारे सूक्ष्म द्रव्य मांजर गेल्यानंतरही कित्येक महिने घरात राहू शकते, आणि पुढचा भाडेकरू दमेकरी असू शकतो. त्यातून पुष्कळ मालक मुंबईस राहतात. घर माळ्याच्या किंवा राखणदाराच्या भरवशावर असते, आणि नुकसान कळते ते जागा रिकामी झाल्यावर. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यातील हडपसर भागात एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे ठेवल्याचे प्रकरण गाजले. शेजाऱ्यांना दुर्गंधी असह्य झाली आणि महापालिकेला नोटीस काढावी लागली. असे एक उदाहरण शंभर मालकांना ‘नाही’ म्हणण्यास पुरेसे होते. परंतु तीनशे मांजरांच्या अपराधाची शिक्षा एका मांजराच्या धन्यास द्यावी, हा न्याय नव्हे. वर्गातल्या एका मुलाने शाई सांडली म्हणून कोणताही शहाणा शिक्षक सर्वांच्या दौती काढून घेत नाही.

शिवाय याच लोणावळ्यात एक चमत्कारिक विसंगती डोळ्यांसमोर आहे. शनिवार-रविवारसाठी भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांच्या जाहिराती पाहाव्यात. ‘आपल्या लाडक्या प्राण्यांसह या’ अशी आमंत्रणे त्यांत सर्रास आढळतात. दर डोक्यामागे थोडी जादा रक्कम आकारली की कुत्रे चालते, मांजर चालते. दोन रात्रींसाठी आलेल्या, जागेशी अनोळखी अशा प्राण्यास जे घर उघडे आहे, ते वर्षभर एकाच घरात रुळलेल्या मांजरास बंद का असावे? यातून एक गोष्ट सिद्ध होते. मालकांचा विरोध प्राण्याला नाही. तो नुकसानीच्या अशा धोक्याला आहे की ज्याची किंमत कोणी ठरविलेली नाही. जेथे किंमत ठरली तेथे बंदी उठली. वर्षभराच्या करारात ती ठरविण्याची तसदी कोणी घेत नाही, कारण दलालाच्या छापील मसुद्यात ‘नाही’ हा शब्द तयार असतो.

या आयत्या ‘नाही’ची किंमत कोण देते? एक तर प्रामाणिक भाडेकरू देतो. जो खरे सांगतो त्यास जागा मिळत नाही आणि जो लपवितो त्यास मिळते. लपविणाराही सुखी नसतो. घंटी वाजली की मांजर न्हाणीघरात कोंडायचे, मालक आला की त्याचे ताट दडवायचे, आणि मुलांना खोटे बोलायला शिकवायचे, हा संस्कार कोणत्या सुशिक्षित घराला शोभतो? मालकालाही लाभ नाही, कारण लपविलेल्या मांजराच्या नुकसानीविषयी करारात कसलीच तरतूद नसते. शेवटी सर्वांत जड किंमत मांजर देते. जागा बदलताना ते इमारतीच्या आवारात, घाटरस्त्याच्या कडेला किंवा देवळापाशी सोडून दिले जाते. मांजर माणसापेक्षा जागेला जास्त धरून असते, हा अनुभव जुना आहे. घरात वाढलेले मांजर अनोळखी रानात फार दिवस तग धरीत नाही, आणि मावळच्या डोंगरांत बिबट्याही आहे. उपासमार होईल अशा रीतीने प्राण्यास सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे. पण त्या कायद्याने पहिल्या अपराधास नेमून दिलेला दंड पाहा : दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत! एवढ्या पैशांत आज मांजराचे एका दिवसाचे खाद्यही जेमतेम येईल.

आणि हे घडते कोठे? मावळ हा भाताचा मुलूख. ज्या इंद्रायणी तांदळाचा सुवास आज पुण्या-मुंबईच्या घरांत दरवळतो, तो वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडला. भाताची कणगी असलेल्या घरात मांजर ही चैन नव्हती. उंदरांपासून दाणा राखणारे ते बिनपगारी चाकर होते. शेतकऱ्याच्या ओसरीवर वाघाच्या मावशीला कोणी परवाना विचारला नाही. त्याच शेताच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्यावर मात्र तिच्यावर फलक लागले. काळ बदलला हे खरे, आणि चौथ्या मजल्यावरचे मांजर म्हणजे कणगीवरचे मांजर नव्हे हेही खरे. पण नियम बदललेल्या काळाला अनुसरून करावयाचे असतात. आणि सरसकट मनाई हा नियम करण्याचा कंटाळा आहे.

इतर देशांनी हा कंटाळा झटकला आहे. फ्रान्सने ९ जुलै १९७० च्या कायद्याने राहत्या घरात पाळीव प्राणी ठेवण्यास मनाई करणारी अट निरर्थक ठरविली. प्राण्याने नुकसान वा उपद्रव करू नये एवढेच बंधन ठेवले. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये असा निर्णय दिला की, छापील भाडेकरारातून कुत्र्या-मांजरांवर सरसकट बंदी घालता येणार नाही. प्रत्येक प्रकरणी दोन्ही बाजूंचे आणि शेजाऱ्यांचे हित तोलले पाहिजे. इंग्लंडमध्ये २०२५ साली संमत झालेल्या भाडेकरूंविषयीच्या कायद्याने प्राणी ठेवण्याची लेखी परवानगी मागण्याचा हक्क भाडेकरूस देऊ केला. मालकाने सामान्यतः २८ दिवसांत उत्तर द्यावे आणि सबळ कारणावाचून नकार देऊ नये, असे तो कायदा सांगतो. या तिन्ही देशांत मालकाची मालमत्ता बुडाली नाही. सूत्र एकच : नकार द्यायचा तर कारण द्या.

आमच्याकडे यासाठी नव्या कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. राज्याच्या नोंदणी महानिरीक्षकांचे कार्यालय पुण्यातच आहे, आणि लीव्ह अँड लायसन्सचे करार त्यांच्याच यंत्रणेवर ऑनलाइन नोंदले जातात. त्या नमुन्यात पाळीव प्राण्यांविषयी एक स्वतंत्र रकाना असावा. प्राणी कोणता, किती, त्याची नसबंदी आणि लसीकरण झाले आहे काय, खिडक्यांना जाळी कोण बसविणार, जागा सोडताना सफाईचा खर्च कोण देणार, आणि तक्रार आल्यास ती दूर करण्यास किती मुदत, एवढे त्यात लिहिले की निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत. मालकास नकार द्यायचा असेल तर तो त्याच रकान्यात कारणासह द्यावा. घरात दमेकरी आहे हे कारण समजू शकते. ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ हे कारण नव्हे. लोणावळा व तळेगावच्या नगरपरिषदांनी आणि वडगावच्या नगरपंचायतीने मांजरांच्या नोंदणीची व स्वस्त नसबंदीची सोय करावी. पुणे महापालिकेने २०२२ साली मांजरांसाठीही परवान्याची पद्धत आणण्याचे ठरविले होते. तो विचार केवळ शुल्कवसुलीपुरता न ठेवता, नोंदलेले मांजर म्हणजे जबाबदार धन्याचे मांजर अशी ओळख त्याने निर्माण करावी. मालकाला विश्वास ठेवण्यास एक कागद लागतो. तो त्यास मिळू द्या.

भाडेकरूंनाही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणून जग आंधळे होत नाही. सही करण्यापूर्वी मांजर आहे असे सांगा, जागा ताब्यात घेताना भिंती-फरशीची छायाचित्रे दोघांनी मिळून काढा, परवानगी तोंडी मिळाली असेल तर ती लेखी घ्या. एका मांजराची परवानगी घेऊन चार पाळू नका. ज्या शेजाऱ्यास मांजर नको आहे त्यास दुष्ट समजू नका. त्याच्या दारात आपले मांजर घाण करणार नाही एवढी खबरदारी ही उपकाराची नव्हे, कर्तव्याची गोष्ट आहे.

अविवाहितांस जागा नाही, मांसाहारींस जागा नाही, अमक्या धर्माच्या माणसास जागा नाही, हेही आपल्या शहरांतील घरमालक आज बिनदिक्कत बोलतात. माणसाला माणूस म्हणून नाकारणे आणि त्याच्या मांजराला नाकारणे यांत महदंतर आहे. दोहोंची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. पण या साऱ्या नकारांना खतपाणी घालणारी सवय एकच आहे : समोरच्याची चौकशी न करता, त्यास उत्तर देण्याची संधी न देता, वर्गच्या वर्ग दाराबाहेर ठेवण्याची. ही सवय मोडण्याचा आरंभ सर्वांत सोप्या जागेपासून करावा, असे आम्हांस वाटते. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधावी हा उंदरांना पडलेला प्रश्न होता. येथे ते काम नोंदणी खात्याच्या एका परिपत्रकाने होण्याजोगे आहे, आणि त्या खात्याने ते करावे.