शेक कुठला?

आमच्या घराघरांत एकच शब्द दोन अगदी वेगळ्या उपचारांना लावला जातो. गुडघ्याला शेक, आणि कॅन्सरलाही शेक. आमच्या खालाजान तोंडाच्या कॅन्सरसाठी ‘शेक’ घेऊ लागल्या, तशी घरात त्यांची ताटली-पेला वेगळा झाला. नातवाला मांडीवर बसायची मनाई झाली. “किरणं पोराला लागतील,” सून म्हणाली. सून वाईट नाही; तिला कुणी नीट सांगितलेच नव्हते.

फिजिओथेरपीतले शॉर्टवेव्ह यंत्र सेकंदाला २ कोटी ७१ लाख वेळा हेलकावणाऱ्या लहरी सोडते. त्यांनी स्नायूंना आतून ऊब मिळते, बाकी काही नाही. मात्र पेसमेकर असलेल्यांनी, आत धातूची पट्टी बसवलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ते आधी सांगायलाच हवे. आणि जिथे कॅन्सरची गाठ आहे तिथे हा शेक मुळीच चालत नाही.

कॅन्सरचे किरण याच कुळातले, पण त्यांचे हेलकावे लाखो कोटी पटींनी जास्त. ते ऊब देत नाहीत, पेशीच्या आतला डीएनए तोडतात. मानेवाडा रोडवरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयामुळे हा उपचार नागपूरकरांना नवा नाही; खर्ऱ्याने तो आणखी ओळखीचा केला आहे. काही यंत्रांत कोबाल्ट-६० असतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले भाभाट्रॉन त्यातलेच. कोबाल्टचा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणून जुन्या कोबाल्टखाली रुग्णाला जास्त वेळ झोपावे लागते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

बाहेरून यंत्राने दिलेला किरण अंगात उरत नाही. दिवा मालवला की उजेड भिंतीत साठून राहतो का? तसेच हे. (किरणोत्सर्गी आयोडीन पाजले असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा काही दिवस अंतर ठेवावेच लागते.)

खरा धोका दुसरीकडे आहे. तोंडाचा उपचार आठवड्याला पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतो. तोंड सोलवटते, घास उतरत नाही, आणि माणूस मध्येच सोडतो. खंड पडला की गाठ पुन्हा वाढू लागते. खालाजानही रमजान आला म्हणून थांबणार होत्या. आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत कुरआनातच आहे, हे मौलाना घरी येऊन सांगून गेले तेव्हा कुठे त्या तयार झाल्या.

पातळ खीर, दही-भात, मऊ खिचडी. तिखट अजिबात नाही. नातू आता रोज चमचा घेऊन मांडीवर असतो, आणि अर्धी खीर तोच संपवतो.