तुमची फाईल कोणी उघडली?

आता अनेक हॉस्पिटलमध्ये रिसेप्शन, वॉर्ड, लॅब, बिलिंग अशा सगळ्या ठिकाणांहून पेशंटची एकच फाईल कॉम्प्युटरवर उघडते. उपचारासाठी ही मोठी सोय आहे. पण आपल्या विश्रामबागेत काउंटरवरची व्यक्ती शेजारची किंवा नात्यातलीही निघते. मग एचआयव्ही, गर्भपात किंवा मानसिक आजाराचा पेशंट मनातल्या मनात विचारतो, "माझा रिपोर्ट अजून कोणी पाहिला तर?" या भीतीपोटी काहीजण तपासणीच टाळतात आणि आजार वाढतो.

यावर उपाय आहे. कोणी कधी लॉगइन केले, कोणाची फाईल उघडली, काय बदलले, कशाची प्रिंट काढली, याची नोंद कॉम्प्युटर आपोआप ठेवू शकतो. हा झाला 'ऑडिट लॉग'. केंद्र सरकारच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांत अशी नोंद आणि प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र ओळख अपेक्षित आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा तर माहिती जपण्यासोबत ती हाताळणाऱ्यांची जबाबदारी निश्चित करायलाही सांगतो.

पण विभागात सगळ्यांचा पासवर्ड एकच असेल, तर लॉगमध्ये फक्त 'रिसेप्शन, रात्री ११.४०' एवढेच दिसते. तेव्हा खुर्चीवर कोण होते, हे कळत नाही. असा लॉग असून नसल्यासारखाच. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: छोट्या दवाखान्यातही प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड हवा आणि एका जबाबदार व्यक्तीने लॉग नियमित तपासायला हवा.

"आमच्यावर विश्वास नाही का?" असे कर्मचारी विचारतील. पण लॉग कोणाला अडवत नाही. इमर्जन्सीत फाईल लगेच उघडते, फक्त उघडणाऱ्याचे नाव मागे राहते. उद्या खोटा आळ आला, तर हीच नोंद प्रामाणिक कर्मचाऱ्याला वाचवते.

शेजारच्या कोल्हापुरात गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी सोनोग्राफी मशीनना तपासणीची नोंद ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवले गेले. डॉक्टरांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले, पण २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते योग्य ठरवले. मशीनवर नोंद चालते, तर पेशंटच्या फाईलवर का नको?

पुढच्या वेळी हॉस्पिटलमध्ये गेलात की निःसंकोच विचारा: "इथे प्रत्येकाचे लॉगइन वेगळे आहे का? लॉग कोण तपासते?" हे विचारण्यात गैर काहीच नाही.